लॉगमधल्या फक्त नव्या ओळी वाचायच्या तर: लॉगटेल२

लॉग (प्रोग्रॅम आपल्या नोंदी लिहितात ती फाइल) बघायला सगळे आधी ‘टेल -एफ’ (नव्या ओळी येतील तशा दाखवणारी कमांड) शिकतात आणि बरेच जण तिथेच थांबतात. समोर बसून बघायचं असेल तर ते उत्तमच. पण मी सांभाळते तो मेल सर्व्हर, आणि सकाळी आल्यावर मला एवढंच हवं असतं की काल बघितलं त्यानंतर नवीन काय आलं. त्यासाठी डेबियन-उबुंटू लिनक्सवर ‘सुडो एपीटी इन्स्टॉल लॉगटेल’. त्यात लॉगटेल आणि लॉगटेल२ असे दोन मिळतात, दुसरा वापरा.

लॉगटेल२ -एफ /व्हार/लॉग/मेल.लॉग -ओ /व्हार/लिब/मेलपाहणी/मेल.ऑफसेट

-एफपुढे लॉग, -ओपुढे खुणेची फाइल. तिच्यात दोनच आकडे असतात: लॉगचा आयनोड नंबर (डिस्कवर फाइल ओळखायचा क्रमांक, नाव बदललं तरी तोच राहतो) आणि कितव्या बाइटपर्यंत वाचून झालं ते. मेलपाहणी हे फोल्डर आधी तयार करून आपल्या युजरच्या नावे करा. -ओ दिलाच नाही तर खूण लॉगच्या शेजारी पडते, आणि तिथे लिहायची परवानगी साध्या युजरला नसते. लॉग वाचायला एडीएम ग्रुपमध्ये (लॉग वाचायची परवानगी असलेला गट) असलं की भागतं, उगाच रूट (सगळे अधिकार असलेला युजर) होऊ नका. पहिल्या वेळी खूणच नसल्यामुळे अख्खा लॉग अंगावर येतो. तो सरळ /डेव्ह/नलमध्ये सोडा, तिथे टाकलेलं नाहीसं होतं. हात बसेपर्यंत शेवटी -टी लावत जा, म्हणजे ओळी दिसतात पण खूण हलत नाही.

आता खरी मेख. ओळी वाचून झाल्या की खूण पुढे सरकते. त्या ओळींचं तुम्ही पुढे काय केलंत याच्याशी तिला देणंघेणं नाही. क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारा) लॉगटेल२ थेट ग्रेपला (हव्या त्या ओळी शोधणारा) आणि ग्रेप थेट मेल पाठवणाऱ्या कमांडला जोडलात आणि मेलच गेला नाही, तर त्या ओळी पुढच्या फेरीत परत येणार नाहीत. म्हणून मी आधी सगळं एका फाइलीत उतरवते, मग तिच्यातून ‘स्टेटस=बाउन्स्ड’ (न पोचता परत आलेली मेल) शोधते, आणि काम पार पडल्यावरच ती फाइल पुसते. आणि बघणारे दोघं असतील तर खुणाही दोन ठेवा. एकाच खुणेवर दोघांनी हात मारला की दोघांनाही अर्धंच दिसतं.

लॉगरोटेटने (जुना लॉग बाजूला करून नवा सुरू करणारा प्रोग्रॅम) फाइल बदलली की आयनोड बदलतो. लॉगटेल२ हे ओळखतो, जुन्या फाइलीत उरलेल्या ओळी आधी देतो आणि मग नव्या फाइलीकडे वळतो. लॉगरोटेटमध्ये ‘डिलेकॉम्प्रेस’ चालू असू द्या, म्हणजे आदली फाइल लगेच कॉम्प्रेस होत नाही. ‘कॉपीट्रंकेट’ (लॉगची नक्कल काढून मूळ फाइल रिकामी करायची पद्धत) मात्र मला अजिबात आवडत नाही. त्यात आयनोड तोच राहतो आणि फाइल रिकामी होते. फाइल आधीपेक्षा लहान दिसली तर निदान इशारा मिळतो. पण तेवढ्या वेळात ती खुणेच्या पुढे वाढली असेल तर वाचन मधूनच सुरू होतं आणि कुणाला पत्ताही लागत नाही.

डेबियन १२ पासून आरसिस्लॉग (मेल.लॉगसारख्या फाइली लिहिणारा प्रोग्रॅम) आपोआप बसत नाही, त्यामुळे मेल.लॉग सापडलाच नाही तर घाबरू नका. नोंदी जर्नलमध्ये (सिस्टिमडीच्या नोंदवहीत) असतात, आणि तिथे हेच काम ‘जर्नलसीटीएल --कर्सर-फाइल=’ करतं. पुढे खुणेच्या फाइलीचा पत्ता द्यायचा, बाकी फाइलीत उतरवून घ्यायची शिस्त तीच.