तानपुरा गायब, आवाज एकाच कानात: घरी गाणं रेकॉर्ड करताना या चुका टाळा

माझ्याकडे गाणं शिकणाऱ्या एका मुलीनं मध्यंतरी घरी रेकॉर्ड केलेला यमन ऐकायला पाठवला. पहिले तीन-चार सेकंद तानपुरा छान भरून वाजत होता. मग विरत गेला आणि नाहीसाच झाला. ती गायला लागली की मागून पुन्हा ऐकू यायचा, ती श्वासाला थांबली की परत सगळं सुनं. तीन संध्याकाळ तिनं सॉफ्टवेअरमध्ये खटपट केली होती. इक्वलायझर लावून झाला, तानपुऱ्याचा आवाज वाढवून झाला, आता नवा माइक घ्यायचं चाललं होतं. माइक अगदी व्यवस्थित होता.

दोष लॅपटॉपमधल्या नॉइज सप्रेशनचा, म्हणजे गोंगाट आपोआप दाबणाऱ्या सोयीचा होता. व्हिडिओ कॉलसाठी ते मुद्दाम चालू ठेवलेलं असतं. एकसारखा चालणारा आवाज, म्हणजे पंखा किंवा एसी, हा गोंगाट. आणि चढउतार असलेला आवाज म्हणजे माणसाचं बोलणं, असा त्याचा हिशेब. तानपुऱ्यानं तर एकसारखंच वाजायचं असतं, म्हणून पहिली गदा त्याच्यावर येते. पेटीचा लांबवलेला सूरही असाच मधेच खचतो. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, साउंड असं जाऊन आपला माइक निवडा आणि ‘ऑडिओ एन्हान्समेंट्स’ बंद करा. लॅपटॉपबरोबर आवाजाचं वेगळं सॉफ्टवेअर आलं असेल तर त्यातही डोकवा. मॅकवर ‘माइक मोड’ दिसत असेल तर तो ‘स्टँडर्ड’वर ठेवा.

हे उदाहरण आधी सांगितलं, कारण घरच्या रेकॉर्डिंगमधल्या बहुतेक तक्रारी अशाच असतात. चूक एका जागी शिरते आणि दुरुस्ती दुसऱ्याच जागी चाललेली असते. गळा, खोली, माइक, वायर, इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडणारं छोटं उपकरण), ड्रायव्हर (ते उपकरण कॉम्प्युटरकडून चालवून घेणारा प्रोग्रॅम), सॉफ्टवेअर, हेडफोन या क्रमानं आवाज पुढे सरकतो. दोष ज्या टप्प्यावर शिरला त्याच्या पुढे तो फार तर झाकता येतो, काढता येत नाही. म्हणून काही बिनसलं की प्लगइन, म्हणजे सॉफ्टवेअरला जोडायची आवाज सुधारणारी जास्तीची साधनं, शोधण्याआधी हा रस्ता एकेक पाऊल चालून बघा. रेकॉर्डिंगसाठी मी ऑडॅसिटी आणि रीपर ही सॉफ्टवेअर वापरते. ऑडॅसिटी २००० सालापासून फुकट मिळतं, रीपर ६० दिवस वापरून बघता येतं. दुसरं काही वापरत असाल तर बटणांची नावं बदलतील, बाकी सगळं तेच.

रेष सपाट, आवाजच नाही

हा घोळ लवकर सुटतो. विंडोजच्या प्रायव्हसी सेटिंग्जमध्ये डेस्कटॉप अ‍ॅप्सना मायक्रोफोनची परवानगी आहे का, ते पाहा. मॅकवरही अशी परवानगी द्यावी लागते. ऑडॅसिटी उघडं असताना यूएसबी माइक लावला तर तो यादीत दिसत नाही. ‘ऑडिओ सेटअप’मध्ये ‘रीस्कॅन ऑडिओ डिव्हायसेस’ दाबा. इंटरफेसला कंडेन्सर माइक (ज्याला चालायला वीज लागते असा माइक) जोडला असेल तर त्याला वीज देणारं ४८ व्होल्टचं बटण दाबलंय ना, हेही बघा. आणि आवाज फक्त डाव्या कानात येत असेल तर एका माइकसाठी तुम्ही स्टीरिओ ट्रॅक उघडलाय. चॅनेल मोनो करा. आधीच रेकॉर्ड झालं असेल तर ट्रॅकच्या मेनूतून ‘स्प्लिट स्टीरिओ टू मोनो’ करून रिकामा अर्धा काढून टाका. गाणं पुन्हा गायची गरज नाही.

गेन ‘आ’कारावर लावू नका

गेन म्हणजे माइकमधून आलेला आवाज किती वाढवून घ्यायचा ते प्रमाण. माइकसमोर बसून मध्य सप्तकातला षड्ज लावायचा, लेव्हल बरी दिसली की रेकॉर्डिंग सुरू करायचं, ही सर्रास होणारी चूक. गाणं वीस मिनिटांनी तार सप्तकात जातं तेव्हा तो गेन जास्त होतो. तबल्याचं तर आणखी अवघड. मी स्वतः एकदा ठेका ऐकून गेन लावला होता. मीटर पूर्ण वेळ शांत होता, आणि शेवटच्या तिहाईत ‘धा’ फाटला. तबलजींना पुन्हा बोलवावं लागलं. तेव्हापासून मी आधी तिहाई वाजवून घेते आणि तिच्यावर गेन लावते.

सगळ्यात जोरकस जागा −१२ ते −६ डेसिबलच्या दरम्यान राहिली की पुरे. २४ बिटच्या रेकॉर्डिंगमध्ये खालच्या बाजूला इतकी जागा असते की हळू रेकॉर्ड झालेलं नंतर सुखानं वाढवता येतं. शून्याला टेकलेलं मात्र परत येत नाही. लाटेचं चित्र मोठं करून पाहा. माथे गोलसर किंवा टोकदार असतील तर ठीक. पाचगणीच्या टेबललँडसारखे कापून सपाट झाले असतील तर ते क्लिपिंग. सॉफ्टवेअरमधला फेडर खाली ओढून ते जात नाही, कारण आवाज इंटरफेसमध्येच कापला गेलेला असतो. गेनचं फिरवायचं बटण इंटरफेसवर आहे, तिथेच कमी करा.

क्लिपिंग आणि ‘तडतड’ यांत गल्लत करू नका. क्लिपिंग फक्त जोरकस जागी ऐकू येतं. तडतड कुठेही येते, शांत आलापातसुद्धा, आणि तिचा संबंध बफरशी, म्हणजे कॉम्प्युटर आवाजाचा जेवढा तुकडा एका वेळी हाताळतो त्याच्याशी असतो.

‘मी सुरात गाते, पण सम चुकते’

ही तक्रार मला सगळ्यात जास्त ऐकायला मिळते, आणि ती ऐकून वाईट वाटतं, कारण गाणारा स्वतःला दोष देत बसतो. बहुतेक वेळा दोष असतो कानातल्या ब्लूटूथ हेडफोनचा. ब्लूटूथमधून आवाज पोचायला दीडशे-दोनशे मिलिसेकंद सहज लागतात. मिनिटाला १२० मात्रांची लय धरली तर एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची. २०० मिलिसेकंद म्हणजे जवळजवळ अर्धी मात्रा. ठेका तुमच्यापर्यंत उशिरा येतो, तुम्ही त्याच्याबरोबर चोख गाता, आणि सॉफ्टवेअरमध्ये ते मागे पडलेलं दिसतं. शिवाय ब्लूटूथ हेडसेटचा माइक वापरायला गेलात तर तो फोन कॉलच्या दर्जावर उतरतो. रेकॉर्डिंगला वायरचाच हेडफोन घ्या. साधा चालेल, पण कान झाकणारा हवा, नाहीतर ठेक्याचा आवाज बाहेर झिरपून माइकमध्ये शिरतो.

वायर लावूनही उशीर जाणवत असेल तर बफर पाहा. आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने (सॅम्पल) घेतले जात असतील, म्हणजे ४४,१०० हर्ट्‌झला, १०२४ सॅम्पलचा बफर म्हणजे एका बाजूचे २३ मिलिसेकंद. तेवढ्या वेळात आवाज हवेतून सुमारे ८ मीटर जातो, म्हणजे साथीदार शेजारच्या खोलीत बसल्यासारखा. बफर १२८ केला की हे तीनेक मिलिसेकंदांवर येतं. फार कमी केला तर कॉम्प्युटरला दम लागतो आणि वर म्हटलेली तडतड सुरू होते. म्हणून गाताना बफर कमी ठेवायचा, मिक्सिंगला बसताना वाढवायचा. विंडोजवर रीपर वापरत असाल तर इंटरफेसच्या कंपनीचा एएसआयओ ड्रायव्हर टाका आणि तोच निवडा. कमी उशिरात आवाज आत-बाहेर करण्यासाठी स्टाइनबर्ग कंपनीनं ही पद्धत काढली.

स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये दोनदा ऐकू येतोय? इंटरफेसवरचं ‘डायरेक्ट मॉनिटर’ आणि सॉफ्टवेअरमधलं मॉनिटरिंग, दोन्ही चालू आहेत. सॉफ्टवेअरमधलं बंद करा. इंटरफेसमधून थेट येणाऱ्या आवाजाला उशीर जवळजवळ नसतोच.

आता ऑडॅसिटीतली एक खास गोष्ट. जुन्या ट्रॅकवर नवा ट्रॅक चढवताना ऑडॅसिटी नवा ट्रॅक आपणहून थोडा आधीच्या वेळेकडे सरकवतं, कारण यंत्राला लागलेला उशीर भरून काढायचा असतो. हा आकडा मुळात −१३० मिलिसेकंद असतो आणि तो तुमच्या यंत्राला लागू पडेलच असं नाही. तपासायला दहा मिनिटं लागतात. प्रेफरन्सेसमध्ये ‘लेटन्सी कॉम्पेन्सेशन’ (उशिराच्या भरपाईचा हाच आकडा) शून्य करा. जनरेट मेनूतून ‘ऱ्हिदम ट्रॅक’ तयार करा. हेडफोनची एक बाजू माइकला चिकटवून धरा आणि रेकॉर्ड करा. दोन्ही ट्रॅक मोठे करून पाहिले की एकाच टिचकीच्या दोन खुणा खालीवर, थोड्या पुढेमागे दिसतात. त्यांच्यातलं अंतर मोजा. समजा ते ९४ मिलिसेकंद निघालं, तर तिथे −९४ लिहा. पुन्हा रेकॉर्ड करून खुणा एकाखाली एक आल्या का बघा. इंटरफेस बदलला की ही मोजणी पुन्हा करायची.

पट्टी आपोआप चढली

एक अभंग काळी एकमध्ये गायलेला, आणि ऐकताना तो पांढरी दोन आणि काळी दोनच्या मधे कुठेतरी, शिवाय लयही किंचित वाढलेली. पेटी जुळेना. अशा वेळी थेट सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला किती नमुने घेतले जातात तो आकडा, पाहा. ४४,१०० नं रेकॉर्ड झालेलं ४८,००० नं वाजलं की सूर पेटीच्या जवळजवळ दीड पट्टीनं वर जातो. इंटरफेस, विंडोज आणि प्रोजेक्ट, तिन्हीकडे एकच आकडा ठेवा. कोणता, याला फार महत्त्व नाही. व्हिडिओला लावायचं असेल तर ४८,००० सोयीचा.

पट्टीवरून आठवलं. तानपुऱ्याचं अ‍ॅप बरोबर ४४० हर्ट्‌झच्या हिशेबानं लागतं, घरातली जुनी पेटी त्यावर असेलच असं नाही. पेटीचे सूर बसल्या जागी बदलता येत नाहीत, म्हणून आधी पेटीचा षड्ज दाबून धरा आणि अ‍ॅपचा तानपुरा बारीक फिरवून त्याला मिळवा. रेकॉर्डिंग झाल्यावर हे दुरुस्त करायला गेलं की सगळ्याच ट्रॅकची ओढाताण होते.

घूं घूं आवाज येतोय

लॅपटॉपचा चार्जर काढा आणि बॅटरीवर रेकॉर्ड करून बघा. आवाज गेला तर तो विजेतून येत होता. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची, म्हणून ही घरघर ५० आणि १०० हर्ट्‌झच्या आसपास असते. सगळी उपकरणं एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लावली की पुष्कळदा ती थांबते. अर्थिंगची पिन तोडू नका, ती जिवाची काळजी घेण्यासाठी आहे. यूट्यूबवर असा सल्ला देणारे भेटतात, त्यांचं ऐकू नका.

पंखा बंद करा, फ्रिजपासून लांब बसा. खोली घुमत असेल तर गाणाऱ्याच्या पाठीमागे जाड गोधडी टांगा. माइकला ऐकू येणारी भिंत ती पाठीमागचीच असते. आणि माइकची बाजू बघा. मोठ्या जाळीचे बरेच कंडेन्सर माइक बाजूनं ऐकतात, टोकानं नाही. लोक टोकाकडे तोंड करून किंवा चक्क पाठीकडून गातात आणि ‘आवाज बंद-बंद येतो’ म्हणून ट्रेबल वाढवत बसतात.

एवढं करूनही थोडी सळसळ उरली तर ऑडॅसिटीचा ‘नॉइज रिडक्शन’ वापरा, पण बेतानं. गोंगाटाचा नमुना घेताना त्या तुकड्यात तानपुरा वाजत नको. मिरजेच्या तानपुऱ्याची जवारी ज्या वरच्या बारीक सुरांनी झळकते, तेच सूर मग गोंगाट म्हणून खरवडले जातात, आणि उरलेला आवाज पाण्याखालून आल्यासारखा लागतो. म्हणून तानपुरा सुरू करण्याआधी दहा सेकंद रिकाम्या खोलीचं रेकॉर्डिंग ठेवायची सवय लावा. नमुना तिथून घ्या आणि ६ डेसिबलच्या वर जाऊ नका.

सूर सुधारणारी प्लगइन

सूर आपोआप जुळवणारं ऑटो-ट्यून १९९७ मध्ये आलं आणि आता तशी कितीतरी प्लगइन मिळतात. आपल्या गाण्यावर ती डोळे मिटून लावू नयेत, असं माझं ठाम मत आहे. ती प्रत्येक सूर पेटीच्या सारख्या अंतराच्या पट्ट्यांवर नेऊन बसवतात. तानपुऱ्यातून ऐकू येणारा शुद्ध गंधार त्या पट्टीपेक्षा सुमारे १४ सेंट खाली असतो (पेटीच्या शेजारच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर १०० सेंट). गाणारी गंधार नेमका लावते आणि प्लगइन तो चढा करून ठेवतं. मींड तर पायऱ्या पायऱ्यांची होते. एखादी जागा खरंच उतरली असेल तर तेवढी ओळ पुन्हा गाऊन घ्या.

फाइल पाठवताना

पुण्यातून गायचं आणि न्यू जर्सीतल्या मित्रानं तबला वाजवायचा, हे आता नेहमीचं झालंय. इथे दोन गोष्टी हमखास चुकतात. पहिली, रीपरची प्रोजेक्ट फाइल तेवढी पाठवली जाते. तिच्यात आवाज नसतो, आवाजाच्या फाइली कुठे आहेत याचे फक्त पत्ते असतात. समोरच्याकडे ती रिकामी उघडते. दुसरी, एमपीथ्री पाठवली जाते. सुरुवातीला तिच्यात थोडी शांतता वाढू शकते आणि दर्जाही उतरतो. वेव्ह फाइलच पाठवा. ४८,००० आणि २४ बिटला मोनोची एका मिनिटाची फाइल ९ एमबीच्या आत असते, पाच मिनिटांचं गाणं सहज जातं.

गाणं चौथ्या सेकंदाला सुरू होत असलं तरी फाइल प्रोजेक्टच्या शून्यापासून काढा आणि सुरुवातीला चार टाळ्या रेकॉर्ड करून ठेवा. पट्टी आणि लय फाइलच्या नावातच लिहा. मित्राकडून ट्रॅक आला की तोही शून्यावर ठेवा. पहिली सम जुळली पण पाचव्या मिनिटाला तबला सरकलेला आढळला, तर बहुधा त्याच्याकडे माइक एका उपकरणाला आणि हेडफोन दुसऱ्याला लावलेला आहे. दोन उपकरणांची आतली घड्याळं किंचित वेगळी चालतात आणि फरक साचत जातो. दोन्ही एकाच इंटरफेसला लावून त्याला पुन्हा वाजवायला सांगा.