एफडीएस: घोकण्याआधी बोट वाकवून पाहा

फ्लेक्सर डिजिटोरम सुपरफिशिअलिस, म्हणजे एफडीएस, हा बोटं वाकवणारा स्नायू मी पहिल्या वर्षी चार ओळींत पाठ केला होता: ओरिजिन (कुठून निघतो), इन्सर्शन (कुठे लागतो), नर्व्ह (चालवणारी नस), ॲक्शन (काम). व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, मॅडम म्हणाल्या, "स्वतःच्या हातावर चालवून दाखव." मी मूठ वळली. "मूठ तर एफडीपीही (त्याच्या खालचा फ्लेक्सर डिजिटोरम प्रोफंडस) वळतो. यात एफडीएस कुठला?" मला काही सांगता येईना.

मग डिसेक्शनला (शवविच्छेदनाला) बोटापासून सुरुवात केली. शीथ (टेंडनभोवतीचं आवरण) उघडल्यावर दिसलं, की पहिल्या पेरासमोर एफडीएसचा टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, चक्क दुभंगतो. त्या फटीतून एफडीपीचा टेंडन पुढे निघतो आणि शेवटच्या पेराच्या बुडाशी जाऊन लागतो. दुभंगलेल्या पट्ट्या त्याच्या मागे जाऊन मधल्या पेराच्या दोन्ही कडा धरतात. किती सुंदर रचना आहे ही! चिमट्याने एफडीएस ओढला की मधला सांधा हलतो, टोक नाही. इन्सर्शन आणि ॲक्शन एकाच वेळी कळलं.

आता तुमचा हात टेबलावर उताणा ठेवा. मधलं बोट सोडून बाकीची सरळ दाबून धरा आणि ते वाकवा. मधला सांधा वाकेल, पण टोक हलवून बघा, ढिलं लागेल. एफडीपीचा स्नायू बोटांना बराचसा सामाईक असतो. शेजारची बोटं सरळ धरली की तो अडकतो आणि एफडीएस एकटा उरतो. तर्जनीला मात्र फसायला होतं, तिचा एफडीपी बऱ्यापैकी स्वतंत्र असतो. आणि करंगळी वाकली नाही तर घाबरू नका. काहींमध्ये तिचा एफडीएस अनामिकेच्या टेंडनशी जोडलेला असतो, काहींमध्ये नसतोच.

मनगटातला क्रमही हातावरच बसतो. तर्जनी आणि करंगळी तळहाताकडे मिटा, त्यांच्यावर मधलं बोट आणि अनामिका ठेवा. कार्पल टनेलमध्ये (मनगटातल्या अरुंद बोगद्यात) एफडीएसचे चार टेंडन असेच असतात, दोन वर, दोन खाली.

नर्व्ह मीडियन, तिची मुळं मणक्यातून निघणाऱ्या सी८ आणि टी१ या नसा. ओरिजिनला दोन हेड (सुरुवातीचे भाग): एक कोपराच्या आतल्या बाजूचं, एक रेडियसचं (कोपर ते मनगट यांतलं अंगठ्याकडचं हाड). दोन्हींमधल्या कमानीखालून मीडियन नर्व्ह आणि अल्नर आर्टरी (करंगळीच्या बाजूची धमनी) जातात. पुढे मीडियन नर्व्ह एफडीएसच्या खालच्या अंगाला चिकटूनच मनगटाकडे येते. म्हणून डिसेक्शन करताना स्नायू झटक्यात उचलू नका. कडेने बोट घालून हळू उलटा, नर्व्ह त्याच्याबरोबरच वर येते.