'ठाणे'ची मात्रा न गमावता स्ट्रिंगची टोकं कशी छाटावीत

सहलीच्या फॉर्ममध्ये 'कुठून चढणार?' असं विचारलं आणि उत्तरं पायथन या प्रोग्रामिंग भाषेने मोजली, तर ठाणे तीनदा आलं. एक साधं, एक मागे स्पेस असलेलं, एक पुढे. डोळ्याला तिन्ही स्ट्रिंग (म्हणजे अक्षरांच्या माळा) सारख्याच.

आधी काय चिकटलंय ते बघा. 'ठाणे'ची लेन, म्हणजे पायथनने मोजलेली लांबी, ४ येते: ठ, काना, ण, मात्रा. ५ आली की समजा, काहीतरी चिकटलंय. नेमकं काय आहे ते रेपर (repr) हे फंक्शन दाखवतं.

मग टोकं छाटणारं स्ट्रिप (strip) लावा. कंस रिकामा ठेवला की दोन्ही टोकांच्या स्पेस, टॅब आणि नव्या ओळीच्या खुणा जातात. फक्त डावीकडे एलस्ट्रिप, उजवीकडे आरस्ट्रिप. मूळ स्ट्रिंग तशीच राहते, म्हणून उत्तर पुन्हा व्हेरिएबलमध्ये ठेवा. (हे मी अजूनही विसरतो.) स्वल्पविराम, टिंबंही काढायची असतील तर ती कंसात द्या, पण सोबत स्पेसही द्या, स्वतःची यादी दिली की स्पेस आपोआप निघत नाही.

खरी गंमत पुढे. काहींनी 'ठाणे स्टेशन' लिहिलं होतं. आरस्ट्रिपला ' स्टेशन' दिलं आणि हाती आलं 'ठाण'! 'वाशी स्टेशन'चं मात्र नीट 'वाशी' झालं. कारण आरस्ट्रिप शब्द शोधत नाही. दिलेली अक्षरं सुटी करून त्यांतलं जे टोकाला सापडेल ते खात सुटतं. 'स्टे'मधली मात्रा यादीत गेली, म्हणून 'णे'चीही गेली. रबाळे, तुर्भे, कोपरखैरणे यांचीही तीच गत. ऐरोली, सानपाडा बचावतात. चाचणीला नेमकी वाशी घेतली असती तर चूक कळलीच नसती. शेवटचा आख्खा शब्द काढायला रिमूव्हसफिक्स (removesuffix) वापरा. ते पायथन ३.९ पासून, म्हणजे २०२० पासून आहे.

स्ट्रिपसारखंच काम करणाऱ्या जावास्क्रिप्टच्या ट्रिमला अक्षरांची यादी देताच येत नाही. एक्सेलचं ट्रिम तर मधल्या जोडस्पेसही एकेरी करतं, पण वेबवरून आलेली नॉन-ब्रेकिंग स्पेस (ओळ तुटू न देणारी वेगळी स्पेस) सोडून देतं.

एवढं करूनही लेन ५ राहिली, तर बहुधा झिरो विड्थ स्पेस, म्हणजे रुंदीच नसलेलं अदृश्य अक्षर, असेल. पायथन तिला स्पेस मानत नाही, तिचा कोड यादीत द्यावा लागतो. मात्र वैतागून सगळी अदृश्य अक्षरं रिप्लेसने पुसू नका: काही कीबोर्डांवर 'दुसऱ्या'तला ऱ्य झिरो विड्थ जॉइनर या अदृश्य जोडअक्षरानेच घडतो, तो काढला की 'दुसर्या' उरतं.