लव्हक्राफ्टच्या नकला कशा वाचाव्यात, आणि मत कसं द्यावं

मी पुण्यात मुद्रितं तपासते, त्यामुळे वाचताना हातात पेन्सिल असतेच. एच. पी. लव्हक्राफ्ट या अमेरिकी भयकथाकाराच्या धर्तीवर लिहिलेल्या नव्या इंग्रजी कथांबद्दल माझ्या ओळखीच्या वाचकांत दोनच मतं ऐकू येतात. भाचा म्हणतो, ‘एक नंबर, शेवटी कथुलू येतोच.’ (कथुलू म्हणजे लव्हक्राफ्टने कल्पिलेला समुद्रतळाशी झोपलेला अक्राळविक्राळ देव.) मैत्रीण म्हणते, ‘मूळची सर नाही.’ दोघांचंही खरं असेल, पण पुस्तकावर पाचशे रुपये घालावेत की नाही हे त्यावरून कळत नाही. म्हणून मी कसं वाचते ते सांगते.

आधी मूळ वाचा, पण ‘द कॉल ऑफ कथुलू’पासून सुरुवात करू नका. लव्हक्राफ्ट १९३७ साली गेला आणि आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतात, तेव्हा त्याच्या हयातीत छापलेल्या कथा फुकट वाचण्यात चोरी नाही. ‘द कलर आउट ऑफ स्पेस’ (१९२७) घ्या. मॅसॅच्युसेट्समधल्या एका शेतात उल्का पडते. त्या हंगामात फळं धरतात ती नेहमीपेक्षा मोठी, चकचकीत, आणि तोंडात घालवत नाहीत इतकी कडू. मग गुरं राखाडी पडून ठिसूळ होतात. मग घरातली माणसं. यात देव नाही, पंथ नाही, जुनी पोथी नाही. जे आलंय त्याचं त्या शेतकऱ्याशी वैरसुद्धा नाही. ते खोरं पुढे धरणाखाली जाणार असतं, आणि जमीन मोजायला आलेला निवेदक सांगतो की शहराला मिळणारं ते पाणी आपण पिणार नाही.

१९२७ च्याच जुलैमध्ये लव्हक्राफ्टने ‘वीअर्ड टेल्स’ या मासिकाच्या संपादकाला पत्रात लिहिलं होतं, की माणसांचे नियम, हितसंबंध आणि भावना यांना या अफाट विश्वात काडीची किंमत नाही, याच गृहीतकावर आपल्या सगळ्या कथा उभ्या आहेत. नक्कल हाती आली की मोजपट्टी ही.

आता पेन्सिल. कथुलू, आर्कम (त्याचं काल्पनिक शहर), नेक्रोनॉमिकॉन (त्याची काल्पनिक पोथी) अशी उसनी नावं जिथे येतील तिथे रेघ मारा. ई-बुक असेल तर मनातल्या मनात मारा. उरलेल्या मजकुराची भीती वाटते का? बऱ्याच नकला इथेच झोपतात. नावं उसनी घेणं हा काही गुन्हा नव्हे. लव्हक्राफ्ट स्वतःच मित्रांना ती वापरू द्यायचा. रॉबर्ट ब्लॉकने तर रीतसर परवानगी घेऊन १९३५ च्या एका कथेत लव्हक्राफ्टसारख्या पात्राला मारलं, आणि लव्हक्राफ्टने उलट कथा लिहून हिशोब चुकता केला. खेळ होता तो.

बिघडलं ते नंतर. लव्हक्राफ्टचा लेखकमित्र ऑगस्ट डर्लेथ याने डोनाल्ड वॉन्ड्रेईच्या साथीने १९३९ मध्ये आर्कम हाउस ही प्रकाशनसंस्था काढली आणि लव्हक्राफ्टला पुस्तकांत जगवलं, हे उपकार मोठेच. पण स्वतःच्या कथांत त्याने चांगले देव विरुद्ध वाईट देव अशी लढाई लावून दिली आणि त्या प्राचीन शक्तींना पृथ्वी, आप, तेज, वायू वाटून टाकले. देव आपल्या बाजूने लढणार असतील तर भ्यायचं कशाला? नव्या कथेत कुणी ताईत दाखवून संकट परतवलं की मी समासात ‘ड’ लिहिते.

विशेषणांचं प्रकरण याहून मजेशीर आहे. ‘अवर्णनीय’, ‘अनामिक’, ‘अमानुष’ ही लव्हक्राफ्टची खोड, आणि खोडीची नक्कल सगळ्यात सोपी. पण ‘ॲट द माउंटन्स ऑफ मॅडनेस’ (१९३६) उघडून बघा. अंटार्क्टिकात सापडलेला जीव तिथे शास्त्रज्ञाच्या नोंदवहीत येतो: पिंपासारखं धड, लांबी सहा फूट, मधला व्यास साडेतीन फूट, टोकांशी एक फूट. आधी फुटपट्टी लावली म्हणून पुढची भीती खरी वाटते. तेव्हा नक्कल करणाऱ्याने ‘अवर्णनीय’ लिहिलं, तर त्याआधी काही मोजून, हुंगून, हाताळून दाखवलंय का ते पाहा. नसेल तर तो दमलाय.

जागा तपासा. इंग्रज भयकथाकार रॅम्सी कॅम्पबेल शाळकरी वयात लिव्हरपूलला बसून न्यू इंग्लंडमधल्या, म्हणजे लव्हक्राफ्टच्या अमेरिकी मुलखातल्या, गोष्टी लिहीत होता. ‘तुझ्या देशात आण’ असं त्याला सांगणारा कोण, तर डर्लेथच! मुलाने ऐकलं, सेव्हर्न नदीच्या खोऱ्यात आपली गावं उभी केली, आणि १९६४ मध्ये आर्कम हाउसनेच त्याचं पहिलं पुस्तक काढलं. (संपादक लेखक म्हणून बेताचा असला तरी चालतो, हे माझं जुनं मत आहे.)

आपल्याकडचं उदाहरण ‘तुंबाड’ (२०१८) हा सिनेमा. त्यातल्या हस्तर या राक्षसाच्या नावाचा माग काढत गेलं, तर अँब्रोज बिअर्सच्या एका कथेत हास्तुर हा मेंढपाळांचा सौम्य देव भेटतो. लव्हक्राफ्टने नुसता नामोल्लेख केला, डर्लेथने त्याला राक्षस केलं, स्टीफन किंगच्या ‘ग्रामा’त ते नाव मंत्रात आलं, त्या कथेवरून नारायण धारपांची ‘आजी’ झाली, आणि धारपांमुळे हा सिनेमा. पण नाव पुसलं तरी न थांबणारा पाऊस उरतो, कणकेची बाहुली उरते, लंगोटीतली सोन्याची नाणी उरतात. पेन्सिलीतून तो सहज सुटतो. फक्त तिथली भीती लोभाची आहे, विश्वाच्या बेपर्वाईची नव्हे, म्हणून त्याला लव्हक्राफ्टी म्हणायला मी तयार नाही. यावरून आमच्या घरात वाद होतात.

आणखी एक वाद हमखास होतो. लव्हक्राफ्टच्या ‘द हॉरर ॲट रेड हुक’मध्ये (१९२७) राक्षसांपेक्षा ब्रुकलिनमधल्या परदेशी माणसांचीच किळस जास्त आहे. ‘कथेत वर्णद्वेष कशाला काढायचा,’ असं म्हणणाऱ्या वाचकाला मी व्हिक्टर लावॅलची ‘द बॅलड ऑफ ब्लॅक टॉम’ (२०१६) देते. ती त्याच कथेची उलटी बाजू आहे. न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या टॉमी या कृष्णवर्णीय तरुणाच्या बापाला त्याच्याच घरात गोळ्या घातल्या जातात. घालणारा म्हणतो, गिटार मला बंदूक वाटली. त्यानंतर टॉमीला माणसांच्या द्वेषापेक्षा देवाची बेपर्वाई परवडते. मूळ कथेच्या गाभ्यालाच हात घालून तिला तिच्याविरुद्ध वळवलेली नक्कल मी दुसरी सांगू शकणार नाही. ही वाचताना रेड हुक आधी वाचावीच लागते, कंटाळा आला तरी.

निव्वळ गंमत म्हणून लिहिलेल्या कथांना मात्र ही मोजपट्टी लावू नका. नील गेमनने २००३ मध्ये शेरलॉक होम्स आणि कथुलू एकत्र आणले. तिथे कोडं किती चोख बसलंय तेवढं बघायचं. भाचा खेळतो तो ‘कॉल ऑफ कथुलू’ हा पात्रं वठवत खेळायचा खेळ १९८१ चा. त्यात वेड आकड्यांत मोजतात. एखाद्या कादंबरीतला नायक ठराविक अंतराने थोडा थोडा वेडा होत असेल, तर लेखक तो खेळ खेळलाय असं समजा.

मत देताना ‘भारी’ किंवा ‘बोअर’च्या पुढे दोन-तीन वाक्यं लिहा. मूळ कथा कोणती, नावं काढल्यावर काय उरलं, आणि भीती नेमक्या कुठल्या तपशिलाशी लागली किंवा कुठे सुटली. उदाहरणार्थ, लव्हक्राफ्टच्या ‘द शॅडो ओव्हर इन्समाउथ’ या किनारी गावाच्या कथेची नक्कल असेल तर: ‘इन्समाउथच्या कथेवर बेतलेली. गाव लेखकाने नीट पाहिलंय, मासळीचा वास पहिल्या पानापासून येतो. पण पुजारी बोलायला लागला की सगळं समजावून सांगतो, तिथे मी थांबले.’ अर्धवट सोडलं असेल तर तसं लिहायला लाजू नका. शेवट तेवढा सांगू नका. इन्समाउथच्या वंशावळीतल्या कथांत तर निवेदक स्वतः कोण आहे हेच गुपित असतं, आणि त्याच्या आजीबद्दल एक शब्द जरी लिहिलात तरी पुढच्या वाचकाचे पाचशे रुपये गेले.