डोहाळजेवणाला काय न्यायचं? बाळंतविडाच न्या

बाळंतविडा म्हणजे बाळ-बाळंतिणीला द्यायचे कपडे वगैरे. त्यात झिरो साइजचे फ्रॉक नका हो नेऊ, सगळे तेच आणतात आणि दीड-दोन महिन्यांत ते होतच नाहीत, माझ्या लेकीचे तीन तर टॅगसकट वाटून टाकले. त्यापेक्षा आईची जुनी मऊ सुती साडी घ्या, मीटरभराचे दोन चौकोन कापा, एकावर एक ठेवून कडा शिवा, झालं दुपटं! झबली पुढून बांधायची, डोक्यातून घालायची नकोत. लंगोट 2 डझन तरी हवेतच, पावसाळ्यात वाळता वाळत नाहीत. सगळं एकदा धुऊन उन्हात वाळवून ठेवा.

आणि होणाऱ्या आईबाबांना सांगते, घरात रंगकाम असेल तर बाळ यायच्या आधीच उरका. पाळण्यात उशी नको, अगदी मोहरीचीसुद्धा, आणि बाळाला पाठीवरच झोपवा. धुरीवरून आजी रुसतील, रुसू देत, बाळाच्या खोलीत धूर नको म्हणजे नको.