जुन्या डॅटसन झेडसाठी वापरलेले डिफरन्शियल कसे निवडावे

१. दोष नक्की कुठे आहे ते बघा

क्लच सोडताना मागून ‘ठक्’ आवाज आला की लोक लगेच डिफरन्शियल (इंजिनची ताकद मागच्या दोन चाकांना वाटणारा गिअरचा डबा) शोधायला निघतात. डॅटसन झेडच्या २४०झेड, २६०झेड आणि २८०झेड या मॉडेलांमध्ये हा आवाज बऱ्याचदा पुढच्या रबर माउंटचा निघतो. रबर फाटलेले असले की जोर लागताच डिफरन्शियलचे नाक, म्हणजे पुढचा निमुळता भाग, वर उचलले जाऊन आपटते. नाकाखाली जॅक लावून हळूच उचला. रबर दोन थरांत सुटताना दिसले तर फक्त माउंट बदला. मग प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून येणारा दांडा) आणि हाफ शाफ्ट (चाकांकडे जाणारे दांडे) यांच्या सांध्यांतले क्रॉस हाताने हलवून बघा. ठराविक वेगाला घूं आवाज येतो आणि ॲक्सिलरेटर दाबला-सोडला की तो बदलतो, तर संशय क्राउन-पिनियनवर, म्हणजे आतल्या मोठ्या चकतीच्या गिअरवर आणि त्याला फिरवणाऱ्या छोट्या गिअरवर. दोन्ही वेळी सारखीच घरघर असेल तर बेअरिंग.

२. आर१८० की आर२००

ही डिफरन्शियलच्या दोन प्रकारांची नावे; आकडा क्राउन व्हीलच्या मिलिमीटरमधल्या व्यासाचा आहे. २४०झेडला आर१८० येत असे. १९७५ पासूनच्या मॅन्युअल २८०झेडमध्ये आर२०० मिळते. २८०झेडएक्स आणि १९८४ ते १९८९ च्या ३००झेडएक्समधले आर२००ही लांब नाकाचे असल्याने कामी येते, पण मागचे कव्हर झेडचे लावावे लागते. १९८९ नंतरच्या निस्सानमधले आखूड नाकाचे आर२०० थेट बसत नाही. विक्रेता नुसते ‘आर२०० आहे’ म्हणाला तर नाकाचा फोटो मागवा.

३. गुणोत्तर स्वतः मोजा

गुणोत्तर म्हणजे क्राउन व्हीलच्या एका फेऱ्यामागे पिनियनचे फेरे. विक्रेत्याच्या बोलण्यावर जाऊ नका. क्राउन व्हीलच्या कडेवर दातांचे आकडे कोरलेले असतात: ३७:११ म्हणजे ३.३६४, ३९:११ म्हणजे ३.५४५, ३७:१० म्हणजे ३.७००. कव्हर उघडता येत नसेल तर एक साइड फ्लँज (हाफ शाफ्ट जोडायची चकती) घट्ट धरा, पुढच्या पिनियन फ्लँजवर खडूची खूण करा आणि दुसरे साइड फ्लँज २० वेळा फिरेपर्यंत पिनियन फिरवत मोजा. साध्या डिफरन्शियलमध्ये एक बाजू अडवली की क्राउन व्हील निम्मेच फिरते; म्हणून पिनियनचे फेरे भागिले १० हे गुणोत्तर. ३.३६४ ला साडेतेहेतीसच्या थोडे वर येतील, ३.५४५ ला साधारण साडेपस्तीस. दोनच फेरे मोजलेत तर हा फरक नीट सापडणे अवघड.

दोन्ही बाजू मोकळ्या ठेवून एक फ्लँज फिरवले आणि दुसरे उलट दिशेला गेले, तर ते साधे. त्याच दिशेला गेले तर लिमिटेड स्लिप, म्हणजे एकच चाक फुकट फिरू न देणारे. मात्र प्लेट झिजलेले लिमिटेड स्लिपही साध्यासारखे वागते.

४. आतून तपासा

तेल भरायचे बूच आधी सोडवा. ते गंजून अडकलेले असेल आणि तुम्ही खालचे आधी काढले, तर रिकामे डिफरन्शियल हातात राहील. खालच्या बुचाच्या चुंबकावर राखाडी मलमासारखा थर असणे साहजिक; कपच्या, पापुद्रे किंवा दाताचा तुकडा दिसला तर सौदा सोडा. दुधाळ तेल म्हणजे पाणी शिरले आहे, आणि बेअरिंगवर गंज असण्याची शक्यता मोठी.

कव्हर काढल्यावर दातांवर खड्डे, निळी झाक किंवा एकाच टोकाला चमक दिसते का, ते बघा. निळी झाक हे तेल संपल्यावरही गाडी पळवल्याचे लक्षण. डायल गेजने क्राउन व्हीलचा बॅकलॅश (दातांमधली मोकळी जागा) मोजा, साधारण ०.१ ते ०.२ मिलिमीटर ठीक. साइड फ्लँज हलवल्यावर जाणवणारा प्ले त्यात धरू नका, तो मधल्या छोट्या स्टार पिनियन गिअरांचाही असतो. क्राउन आणि पिनियन ही जोडी एकत्र घासून तयार होते. एकाचे क्राउन, दुसऱ्याचे पिनियन अशी जुळणी स्वस्त पडली तरी ओरडणारच.

५. भोवतालचे भाग सोबतच घ्या

खरा घोळ इथे होतो. आर१८० च्या जागी आर२०० बसवायचे तर आर२०० चाच मागचा आडवा बार हवा, ज्याला झेडवाले ‘मिशी’ म्हणतात. प्रोपेलर शाफ्टचे फ्लँज जुळते का, बोल्टची भोके मोजून ठरवा. त्याच गाडीचा बार, साइड फ्लँज आणि नटबोल्ट मिळत असतील तर थोडे जास्त मोजणे परवडते. एकेक भाग नंतर शोधण्यात काम लांबते. सुबारू डब्ल्यूआरएक्स एसटीआयचे आर१८०ही लोक बसवतात, पण त्यासाठी खास स्टब ॲक्सल (डिफरन्शियलमध्ये खुपसायचे आखूड दांडे) लागतात.

६. बसवण्याआधी

तिन्ही ऑइल सील बदला. ब्रीदर (हवा बाहेर पडायचे छोटे छिद्र) मोकळा करा, नाहीतर आतला दाब नवे सीलही फोडतो. गाडी सपाट जागी उभी करून जीएल-५ दर्जाचे गिअर तेल वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत भरा. लिमिटेड स्लिपला त्याच्यासाठीचे तेल लागते.

स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्समधून निघते. म्हणून ३.३६४ गुणोत्तराच्या जागी ३.९ चे डिफरन्शियल बसवले, तर खऱ्या १०० ला काटा सुमारे ११६ दाखवील आणि त्याच वेगाला इंजिनही तितकेच जास्त फिरेल. गिअरबॉक्समधला स्पीडोमीटरचा छोटा पिनियन त्यानुसार बदलावा लागतो.