गाडीसाठी गॉगल घ्यायचाय? आधी साधा चष्मा गाडीत ठेवा

पणजीत घर आणि फोंड्याला नोकरी असली की सूर्य दोन्ही वेळा तोंडावर येतो. सकाळी पूर्वेकडे जायचं, संध्याकाळी पश्चिमेकडे परतायचं. फोंड्याहून पणजीला कामाला येणाऱ्यांच्या मात्र तो दोन्ही वेळा पाठीशी. त्यामुळे गॉगल घ्यायची पहिली तयारी दुकानात नाही, घरीच करायची. आपण कुठल्या रस्त्याने, किती वाजता जातो आणि किती वाजता परततो, ते कागदावर लिहा. परतीची वेळ तर लिहाच. मी ती लिहिली नव्हती, म्हणून हे सगळं सांगतेय.

मागच्या खेपेला मी नंबरचा गॉगल करून घेतला. माझा नंबर मायनस पावणेतीन. काच राखाडी, पोलराइज्ड, फ्रेम हलकी, सगळं चार दुकानं फिरून निवडलेलं. नोव्हेंबरातल्या एका संध्याकाळी ऑफिसातून निघायला साडेपाच वाजून गेले. ऊन अजून डोळ्यांवर होतं, म्हणून चष्मा काढून गॉगल चढवला आणि चष्मा राहिला टेबलावर, कीबोर्डच्या शेजारी. बाणस्तारीच्या पुलावर सूर्य शेतांना टेकला होता. रायबंदरला पोचेपर्यंत तो गेला. गॉगल ठेवला तर रस्ता काळा, काढला तर समोरच्या गाड्यांचे दिवे पिंजलेल्या कापसासारखे. तिथला रस्ता तर तुम्हाला माहीत आहेच, एका अंगाला घरांच्या पायऱ्या, दुसऱ्या अंगाला मांडवी. पोदेराचा, म्हणजे सायकलवरून पाव विकणाऱ्याचा, भोंपू मला ऐकू आला, पोदेर दिसला नाही. ब्रेक मारला तेव्हा सायकल बंपरपासून हातभर लांब होती, मागच्या टोपलीवरचं निळं प्लास्टिक सरकलेलं आणि उंडे रस्त्यावर घरंगळत चाललेले. त्याला खरचटलंही नाही. तो एकेक उंडा उचलत होता आणि मला दार उघडून उतरता येत नव्हतं, पाय इतके लटपटत होते. गाडी तिथेच कडेला लावली आणि नवऱ्याला जुना चष्मा घेऊन बोलावलं.

तेव्हा नंबर असेल तर साधा चष्मा आधी. गॉगलची काच कुठली, रंग कुठला, किंमत किती, हे सगळं नंतर. साधा चष्मा गाडीत कायमचा राहिला पाहिजे, आणि रोज वापरायचा तो नव्हे, दुसरा. रोजचा चष्मा कधीतरी टेबलावर राहतोच. जुनी फ्रेम घरात पडलेली असतेच, तिच्यात आजच्या नंबरच्या साध्या काचा बसवून घ्या आणि ती गाडीच्या खणात टाका. गॉगलची ऑर्डर द्याल त्याच दिवशी ही ऑर्डर द्या. ‘नंतर बघू’ म्हणाल तर राहून जाईल.

दुकानात जाण्याआधी डोळे तपासून घ्या. दोन वर्षांपूर्वीच्या चिठ्ठीवर नंबरचा गॉगल करू नका, पैसे फुकट जातील.

आता नंबरवाल्यांनी गॉगल कोणता घ्यायचा? माझं आजचं मत क्लिप-ऑनच्या बाजूचं आहे. आपल्याच चष्म्यावर बसणारी काळी काच, ऊन उतरलं की चिमटीत धरून काढली की झालं, खाली साधा चष्मा नाकावर असतोच. दिसायला तितकी बरी नाही, हे खरं. पण रायबंदरला माझ्याकडे क्लिप-ऑन असती तर ती संध्याकाळ तशी गेली नसती. चष्म्यावरून घालायचे मोठे गॉगलही मिळतात, मात्र त्यांच्या काड्या जाड असतात, त्यावर पुढे बोलते. नंबरचा गॉगल सगळ्यात सुखाचा, पण गाडीत साधा चष्मा असेल तरच. कॉन्टॅक्ट लेन्स लावणाऱ्यांचं काम सोपं, त्यांनी बिननंबरी गॉगल घ्यावा.

उन्हात आपोआप काळी होणारी फोटोक्रोमिक काच घ्यायचा मोह होईल. मलाही दुकानदार म्हणाला होता, “ताई, एकाच चष्म्यात दोन्ही कामं.” चालताना होतात, गाडीत नाही. ती काच काळी होते ती मुख्यतः अतिनील किरणांमुळे, आणि गाडीची समोरची काच दोन थरांमध्ये प्लास्टिकचा पापुद्रा घालून केलेली असल्यामुळे ते किरण जवळपास सगळे बाहेरच अडवते. म्हणून ऐन उन्हात स्टीअरिंगमागे ती काच फिकीच राहते. गाडीतही थोडी गडद होणाऱ्या काचा आता मिळतात, पण स्वतःच्या गाडीत दुपारी बसून बघितल्याशिवाय घेऊ नका.

अतिनीलच्या बाबतीत काच काळी असली म्हणजे संरक्षण मिळालं, असं नसतं. यूव्ही 400 लिहिलेलं बघा, म्हणजे 400 नॅनोमीटरपर्यंतचे किरण अडतात. पूर्ण पारदर्शक काचसुद्धा हे काम करू शकते, आणि कोळशासारखी काळी काच करणार नाही असंही होतं. उलट तशा काचेमागे डोळ्याची बाहुली मोठी होते आणि किरणांना आत शिरायला वाटच मिळते. समोरची काच अतिनील अडवते म्हटलं, तरी बाजूच्या काचा साध्या कडक केलेल्या असतात, त्यांतून बरेच किरण आत येतात. चष्म्याच्या बऱ्याच दुकानांत काच तपासायचं छोटं यंत्र असतं, त्याच्यावर समोर तपासून मागा. किनाऱ्यावर फिरून विकतात त्या गॉगलवर चिकटवलेल्या स्टिकरवर विसंबू नका.

मग काडीच्या आतल्या बाजूचा बारीक आकडा. तो 0 ते 4 असतो, वाचता येत नसेल तर दुकानदाराकडून वाचून घ्या. 2 म्हणजे काचेतून 18 ते 43 टक्के उजेड आत येतो, 3 म्हणजे 8 ते 18 टक्के, आणि 4 म्हणजे 3 ते 8 टक्के. 4 नंबर बर्फाच्या डोंगरांसाठी. तो घालून गाडी चालवायचीच नाही, त्यावर गाडीला काट मारलेलं चित्रही असतं. गोव्याच्या दुपारी 3 पुरे, सकाळ-संध्याकाळच जाणं-येणं असेल तर 2 चा विचार करा. यात गाडीच्या काचेचा हिशोब कुणी धरत नाही. समोरच्या काचेतून किमान 70 टक्के उजेड आला पाहिजे असा नियम आहे. म्हणजे काच अगदी तेवढीच असेल आणि त्यावर 15 टक्क्यांचा गॉगल, तर बाहेरच्या शंभरातले जेमतेम दहा-अकरा डोळ्यापर्यंत येतात. भर दुपारी तेवढे चालतात. दिवेलागणीला चालत नाहीत, आणि नोव्हेंबर-डिसेंबरात आपल्याकडे सहा-सव्वासहाला सूर्य बुडतो, त्यानंतर काळोख भराभर येतो. साधा चष्मा म्हणते तो याचसाठी. गॉगल कितीही चांगला असला तरी तो उतरवायची वेळ रोज येणार, आणि त्या वेळी हाताला काय लागणार ते आत्ताच ठरवा.

रंग राखाडी घ्या, सिग्नलचे रंग जसेच्या तसे दिसतात. तपकिरीही चांगला, ढगाळ दिवसांत कडा उठून दिसतात. निळा, गुलाबी, लाल नको. वर गडद आणि खाली फिकी होत जाणारी काच गाडीत सोयीची, खालून स्पीडोमीटर नीट दिसतो.

पोलराइज्ड घ्यावा की नाही? चारचाकीसाठी माझं उत्तर हो. ओला रस्ता, बॉनेट, मांडवीचं पाणी, अशा आडव्या पृष्ठांवरून उसळणारा प्रकाश एका दिशेने कंपत येतो आणि ही काच नेमका तोच अडवते. रायबंदर ते पणजीच्या कॉजवेवर संध्याकाळी उजव्या हाताला नदी चकाकत असते, तिथे हा फरक पहिल्याच दिवशी कळतो. दुकानात पारख करायची तर दोन पोलराइज्ड गॉगल एकमेकांसमोर धरून एक आडवा फिरवा, मधला भाग काळा झाला पाहिजे. पण घेण्याआधी आपल्या गाडीत बसून बघाच. काही गाड्यांचा डिजिटल डिस्प्ले त्यातून काळवंडतो, स्टँडवर आडवा लावलेला फोन तर कधीकधी एकदम विझल्यासारखा वाटतो आणि नकाशाच दिसत नाही. बाजूच्या काचांवर ठिपक्यांची नक्षी दिसेल, ती काचेतलीच असते, घाबरू नका. दुचाकीवाल्यांनी मात्र थोडं थांबून विचार करावा, कारण रस्त्यावर सांडलेल्या तेलाची चमकसुद्धा ही काच पुसून टाकते, आणि दुचाकीवर ती चमक वेळेवर दिसणं जास्त गरजेचं.

फ्रेम घालून मान सरळ ठेवा आणि फक्त डोळे कडेला वळवा. काडी आड येत असेल तर ती फ्रेम ठेवून द्या. डावीकडून घुसणारी स्कूटर त्याच पट्टीमागे लपते. बिननंबरी काच हातभर लांब धरून तिच्यातून दाराची चौकट बघा आणि काच हळूहळू सरकवा, रेघ वाकली तर काच वाईट. गॉगल घालून दुकानाबाहेर उन्हात पाच मिनिटं उभं राहा, मग झाडाच्या सावलीत जा. अनमोडच्या किंवा चोर्ल्याच्या घाटात दर वळणाला हेच होतं, ऊन, सावली, ऊन. सावलीतला खड्डा दिसला नाही तर काच एक पायरी फिकी घ्या.

रात्रीसाठी म्हणून पिवळे गॉगल विकतात, ते घेऊ नका. समोरच्या दिव्यांचा त्रास कमी झाल्यासारखा वाटतो, पण उजेडही कमी होतो. 2019 मध्ये बोस्टनच्या शेपन्स नेत्रसंशोधन संस्थेने सिम्युलेटरवर हे तपासलं होतं, पिवळी काच घालून रस्त्यावरचा माणूस लवकर दिसत नाही असंच निघालं. रात्री फक्त साधा, पुसलेला, बरोबर नंबरचा चष्मा. तो गाडीत असेल तर.

गाडीची समोरची काच आतून पुसा. तिच्यावर धुरकट थर बसतो आणि तिरप्या उन्हात तो पांढरा पेटतो, तिथे गॉगल काही करू शकत नाही. वायझर वापरा.

बाकीचं भरभर सांगते. गॉगल डॅशबोर्डवर ठेवू नका, उन्हाने फ्रेम वाकते आणि काचेवरचा थर फुगतो. आधी पाण्याने धुवा, मग पुसा, कोरडाच पुसलात तर वाळूचे कण ओरखडे पाडतात. आपल्या खाऱ्या हवेत बिजागरीचे स्क्रू गंजतात, अधूनमधून बघा. कडक डबी घ्या. पावसाळ्यात गडद काच घरी राहिली तरी चालेल.

आणि दुपारी दोनला निघत असाल, सहाच्या आत नक्की परतणार असाल, तरीसुद्धा गाडी सुरू करण्याआधी खण उघडा, डबी उघडा, आत साधा चष्मा आहे ना ते बघा. नुसती डबी दिसली म्हणून खण बंद करू नका, उघडून बघा.